महिन्याला अठराशे रुपयांचं विकतचं पाणी: जार सोडून घरच्या बाटल्यांवर यायचंय, सुरुवात कुठून करू?

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी. या महिन्यात घरखर्चाची वही नीट लावायला बसले. किराणा, गॅस, वीज सगळं अपेक्षेइतकंच होतं. 'पाणी' या खात्यावरचा आकडा मात्र पुन्हा बेरीज करून पाहिला, कारण विश्वास बसेना. नळाचं बिल वेगळं, हे निव्वळ विकत घेतलेलं पाणी.

आम्ही फोंड्यात फ्लॅटमध्ये राहतो. मी, नवरा, सासूबाई, फर्मागुढीला इंजिनिअरिंग करणारा मुलगा आणि आठवीतली मुलगी. वीस लिटरचे जार आठवड्याला तीन लागतात, पन्नास रुपयांना एक. नवरा कुंडईला कारखान्यात आहे. तो आणि मुलगा दोघंही घरातून हात हलवत निघतात आणि वाटेत लिटरची बाटली घेतात, रोज. रविवारी मंगेशीला, म्हार्दोळला किंवा बाजारात गेलो की आणखी दोन-तीन. जारचे साडेसहाशे, दोघांच्या बाटल्यांचे हजाराच्या आसपास आणि बाहेरचे दोनशे धरले तर महिन्याला १,८५० रुपये होतात. वर्षाचे बावीस हजार! आमच्याकडे चवथीचा, म्हणजे गणपतीचा, अख्खा बाजार, देवावर टांगायच्या माटोळीच्या सामानासकट, यात होऊन वर पैसे राहतील.

जार कसा शिरला तेही सांगते, कारण उत्तर देताना लागेल. एका पावसाळ्यात सासूबाईंचं पोट चांगलंच बिघडलं. डॉक्टर म्हणाले पाणी उकळा. त्याच सुमारास इमारतीच्या गच्चीवरची टाकी कुणीतरी उघडली तर तळाला गाळ आणि झाकणाला फट. काही दिवस मी उकळत होते. मग शेजारच्यांचा जारवाला आमच्याकडेही यायला लागला, आणि पाणी उकळायचं पातेलं माळ्यावर गेलं.

आता मला हे थांबवायचंय. पैसा तर आहेच. पण ओपाचा पाणी शुद्ध करायचा प्रकल्प आमच्यापासून इतका जवळ, तिथलं पाणी पार पणजीपर्यंत जातं, आणि आम्ही इथे बसून टेम्पोतून आलेलं पाणी पितो, हे मला मनापासून खटकतं. शिवाय दर आठवड्याला रिकाम्या बाटल्यांची ती फुगलेली पिशवी कचऱ्यावाल्याच्या हाती देताना वाईट वाटतं.

दुकानात गेले तर तो म्हणतो आरओशिवाय चालणारच नाही, आणि किंमत सांगतो चौदा हजार. वर्षाचं सर्व्हिसिंग वेगळं. मग वाचवलं काय? खरंच आरओ लागतो का? बाटल्या कोणत्या घ्याव्या, स्टीलच्या, तांब्याच्या की चांगल्या प्लास्टिकच्या? तोवर विकतच्याच रिकाम्या बाटल्या धुऊन भरल्या तर चालेल का? आणि चवथीला आरती-भजनाला येणाऱ्या मंडळींना आम्ही छोट्या बाटल्या वाटतो, त्याच्याऐवजी काय करता येईल? सासूबाई म्हणतात पूर्वी मडक्यातलं पाणी देत होतो, कुणाला काही झालं नाही. पण आता लोक पितील का, ही मला काळजी.

नानाकाका_डिचोली

ताई, पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. म्हणून जरा लांब लिहितो, वाचून घ्या.

बाटली कोणती हा प्रश्न शेवटचा ठेवा. आधी तुमच्या घरातल्या पाण्याचं काय आहे ते ठरवू. ते एकदा पक्कं झालं की बाटली कोणतीही चालते. ते पक्कं नसेल तर हजाराची बाटली आणूनही मुलगा वाटेत विकतचीच घेणार, कारण त्याच्या मनात शंका असणार.

गोव्यात नळाला येणारं पाणी बहुतेक सगळं नदीचं किंवा धरणाचं. तुमच्याकडे खांडेपार नदीवरचा ओपा, दक्षिणेत साळावली, बार्देशात अस्नोडा, आमच्या बाजूला पडोशे, पेडण्यात चांदेल. प्रकल्पात येणाऱ्या पाण्यात आधी तुरटी घालतात, म्हणजे मातीचे बारीक कण एकत्र येऊन खाली बसतात. निवळलेलं पाणी वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. पावसाळ्यात नदी लाल होते तेव्हा तुरटी जास्त लागते, काम वाढतं, पण पद्धत हीच.

आता आरओ. आरओचं खरं काम पाण्यात विरघळलेले क्षार काढणं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, क्रमांक १०५००. त्यात विरघळलेल्या क्षारांची, ज्याला सगळे टीडीएस म्हणतात त्याची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे पाऊस भरपूर आणि दगड जांभा, त्यामुळे नद्यांचं पाणी मऊ. माझ्या हाताखालून गेलेल्या नळाच्या नमुन्यांत हा आकडा सहसा शंभराच्याही आत असे. मुळात क्षार नाहीत तर काढायचे काय? राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणावी. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो, हेही लक्षात घ्या. टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र दोन-तीनशे रुपयांत येतं. ते दुकानात घेऊन जा आणि त्यालाच विचारा.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. ते यंत्र जंतू दाखवत नाही. टीडीएस चाळीस आहे म्हणून पाणी सुरक्षित आहे असं नव्हे. तुमच्या सासूबाईंचं पोट बिघडलं ते क्षारांनी नव्हे, जंतूंनी. आणि तुम्ही जे टाकीचं लिहिलंय तिथेच माझं बोट आहे. आमच्याकडे तक्रारीचे नमुने यायचे तेव्हा मी नेहमी दोन बाटल्या मागायचो: एक मीटरजवळच्या नळाची, दुसरी स्वयंपाकघरातल्या नळाची. पुष्कळदा पहिली चांगली आणि दुसरी खराब. मधे काय? खालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी. नळाला येताना पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक असतं, मानक म्हणतं लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम. ते वाटेतल्या संसर्गासाठीच ठेवलेलं असतं. उन्हात तापलेल्या, झाकण फुटलेल्या टाकीत ते उडून जातं, मग पाण्याला राखणदारच उरत नाही. मीटरजवळच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून लोक नाक मुरडतात. मला तो वास आला की बरं वाटायचं. पाणी उघड्या पातेल्यात रात्रभर झाकण तिरकं ठेवून राहू दिलंत तर सकाळी वास जातो.

तेव्हा पहिलं काम, इमारतीतल्या लोकांना गोळा करून टाक्या धुऊन घ्या, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. गाळ काढून, घासून, मग टाकी भरून हजार लिटरला साधारण २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर वेगळ्या बादलीत कालवायची, वरची निवळ टाकीत ओतायची, चार-पाच तास तशीच ठेवायची. घराघरातले नळ क्षणभर सोडून वास येईपर्यंत ते पाणी पाइपातही आणायचं. नंतर सगळं सोडून द्यायचं. ते पाणी कुणी पिणार नाही याची आधी सगळ्या घरांत सूचना द्या, म्हाताऱ्या माणसांना तोंडी सांगा. झाकण नवीन बसवा, ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी लावा.

दुसरं काम, पाणी तपासा. जलजीवन मिशनखाली गावोगाव महिलांना तपासणीचे संच वापरायला शिकवलं आहे, आणि सरकारी प्रयोगशाळा लोकांचे नमुने अल्प शुल्कात घेतात. संचात एक छोटी कुपी असते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मैल्याचे जंतू आहेत असं समजायचं. मीटरचं आणि स्वयंपाकघराचं असं दोन्ही तपासा.

तिसरं, घरातला फिल्टर. मऊ पाण्याला अल्ट्राफिल्ट्रेशनचा, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळणारा, विजेशिवाय चालणारा फिल्टर पुरतो, दोन-अडीच हजारांत मिळतो. किंवा यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा घ्या, तो महाग आणि त्याला वीज लागते. आमच्या घरी अजून स्टीलचा कँडलवालाच आहे. कँडल मऊ ब्रशने घासायची, तडा गेला की लगेच बदलायची. आजाऱ्यासाठी आणि भर पावसाळ्यात उकळलेलं उत्तम. त्यातही लोक वीस-वीस मिनिटं गॅस जाळतात. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे.

जारबद्दलही बोलतो, कारण लोकांना वाटतं जार म्हणजे शुद्ध. सीलबंद, परवाना क्रमांक आणि तारीख असलेला जार वेगळा, आणि नुसतं थंड पाणी भरून दिलेला कॅन वेगळा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बाटलीबंद पाणी अति जोखमीच्या खाद्यपदार्थांच्या वर्गात घातलं, म्हणजे तिथेही लक्ष ठेवावं लागतं असंच ना? त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत कोलंबिया आणि रटगर्स विद्यापीठांच्या संशोधकांनी तिथल्या तीन ब्रँडच्या बाटल्या तपासल्या, तर लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजारांच्या आसपास प्लास्टिकचे कण सापडले, बहुतेक अतिसूक्ष्म. त्याने काय आजार होतात ते अजून शोधलं जातंय, मी घाबरवत नाही. पण नळापेक्षा ते स्वच्छ म्हणून त्याला हजारो रुपये द्यावेत, हे मला मान्य नाही.

केदार_पर्वरी

नानाकाका, बाकी पटलं, पण आरओ कुणालाच नको असं वाचणाऱ्याला वाटेल. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी कमी पडतं आणि टँकर येतो. तो कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं आणतो कुणाला माहीत? चव बदलते, भांड्यांवर पांढरे डाग येतात. अशा घरात तुमचा दोन हजारांचा फिल्टर काय करणार? मी आरओ घेतलाय आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

नानाकाका_डिचोली

केदार, तुझं बरोबर आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. खाडीजवळच्या बोअरला खारटपणा येतो, तिथे आरओच लागतो. नियम एकच: आधी मोजायचं. टँकर आला त्या दिवशी मोज आणि नळाचं पाणी आहे त्या दिवशी मोज. फरक मोठा असेल तर आरओ ठेव, फक्त त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला आणि संडासाला वापर. ताईंच्या घरी ओपाचं पाणी बारा महिने आहे, त्यांचा प्रश्न वेगळा.

भांडीवाला_म्हापसा

ताई, म्हापशात आमचं भांड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. माल खपवायला लिहीत नाहीये, फोंड्यातही हेच सगळं मिळतं.

स्टील घ्या. बाटलीच्या बुडाला ३०४ किंवा १८/८ लिहिलंय का बघा. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असा त्याचा अर्थ. स्वस्तातल्या बाटल्या बऱ्याचदा २०२ च्या असतात. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, ती आपल्या दमट हवेत लवकर डागाळते. लोक दुकानात लोहचुंबक घेऊन येतात. त्याने कळत नाही, कारण ३०४ आणि २०२ दोन्हीला चुंबक नीट धरत नाही. छाप बघा, बिल घ्या.

थर्मासची की साधी? साहेब कारखान्यात जातात, तिथे कूलर असणार, तर त्यांना साधी एकपदरी लिटरची बाटली घ्या, साडेतीनशे-चारशेत येते, वजनाला हलकी. मुलाची बॅग आधीच पुस्तकांनी आणि लॅपटॉपने भरलेली, त्यालाही साधीच. थर्मासची बाटली लिटरची असेल तर रिकामीच अर्धा किलोच्या घरात जाते, मग मुलं आठवड्यात घरी ठेवून जातात. मी हे गिऱ्हाइकांकडून पुष्कळ ऐकतो. घरात एक थर्मासची असू द्या, रविवारी गाडीत सगळ्यांना मिळून. ती फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, आतलं पाणी फुगून बाटली बाद होते.

तोंड रुंद हवं. तुमचा हात नाही तर निदान ब्रश बुडापर्यंत गेला पाहिजे. मुलीसाठी नळीवाली, बटण दाबून उघडणारी बाटली घेऊ नका, कितीही हट्ट केला तरी. त्या नळीत आणि झाकणाच्या खाचांत काळी बुरशी धरते आणि धुता येत नाही. साधं आट्याचं झाकण उत्तम. झाकणातलं सिलिकॉनचं वॉशर आठवड्यातून एकदा काढून धुवा. बाटलीला वास येतो म्हणून लोक बाटली बदलतात. वास बाटलीला नसतो, तो त्या वॉशरखाली असतो. रात्री थोडा खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून ठेवा, सकाळी जातो.

तांब्याची बाटली साध्या पाण्याला चांगली, सासूबाईंना रात्री उशाशी ठेवायला द्या. पण त्यात लिंबाचं सरबत, कोकमाचं पाणी, ताक असलं काही घालायचं नाही, आंबटाने तांबं पाण्यात उतरतं. कॉलेजच्या मुलाला ही देऊच नका, तो नक्की सरबत भरणार. घासायला चिंच किंवा लिंबू-मीठ आहेच.

विकतच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा वापरण्याबद्दल विचारलंत. अडीअडचणीला चार दिवस ठीक, कायमची सवय नको. तोंड अरुंद, ब्रश जात नाही, नुसतं पाणी घोळवून आतला बुळबुळीतपणा निघत नाही. गरम पाण्याने धुवायला जावं तर बाटली आक्रसते.

पेडणेकर_टॅक्सी

बाहेरच्या खर्चाचं मी सांगतो, टुरिस्ट टॅक्सी चालवतो.

पूर्वी पाहुण्यांना गाडीत बसल्याबसल्या एकेक बाटली द्यायचो. बॉक्सच्या बॉक्स डिकीत. मेमध्ये पार्किंगमध्ये गाडी उभी असते तेव्हा डिकीत हात घालवत नाही, आणि त्यातलंच पाणी आपण माणसांना देणार. एका पाहुण्या बाईंनी सांगितलं की प्लास्टिक तापलं की त्यातलं अँटिमनी नावाचं द्रव्य पाण्यात जास्त उतरतं. नंतर मी वाचलं, खरं आहे ते, तापमान जितकं जास्त तितकं जास्त. तेव्हापासून दहा लिटरचा तोटीवाला थर्मास जग मधल्या सीटमागे पट्ट्याने बांधून ठेवतो. सकाळी घरून भरतो. पाहुणे आपापल्या बाटल्या भरून घेतात. कुणाला शंका असेल तर सीलबंद बाटली चार ठेवलेल्या असतात, पण मागणारे कमी. माझा सीझनमधला पाण्याचा खर्च निम्म्याहूनही खाली आला.

ताई, रविवारी हॉटेलात जाल तेव्हा वेटर विचारेल 'बिसलरी की साधं?' तेव्हा बिनधास्त 'साधं' म्हणा, लाजू नका. हॉटेलात बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने लावली तरी भांडून उपयोग नाही, सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये निकाल दिलाय की हॉटेल-रेस्टॉरंट बसायची सोय आणि सेवा देतात, म्हणून त्यांना तो दर लावता येतो. दुकानात मात्र छापील किमतीच्या वर एक रुपयाही देऊ नका. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून पाण्याच्या बाटलीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. रेल्वेने रेल नीरची लिटरची बाटली १५ वरून १४ रुपयांना केली. काही दुकानदार जुनाच भाव सांगतात, छापील किंमत वाचून पैसे द्या. मडगावहून रेल्वेने कुठे जाणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

आणि साहेबांना सांगा, बाटली गाडीच्या दारातल्या खणात नको. ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. डबा माणूस विसरत नाही, म्हणून बाटलीही विसरत नाही.

माशेलची_वहिनी

चवथीचं मी सांगते गो बाय, कारण आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती आणि आरतीला अख्खा वाडा लोटतो.

तीन वर्षं आम्ही छोट्या बाटल्या वाटल्या. लोक दोन घोट पितात आणि अर्धी बाटली तिथेच ठेवून जातात. दुसऱ्या दिवशी अंगणात, तुळशीमागे, कट्ट्याखाली सगळीकडे अर्ध्या भरलेल्या बाटल्या. कुणाची कुठली कळत नाही म्हणून ते पाणी झाडाला घालायचं आणि बाटल्या पोत्यात भरायच्या. मला ते देवाच्या दारात बघवेना.

आता आदल्या रात्री दोन मोठी पातेली उकळून झाकून ठेवते. सकाळी मडक्यांत भरते. मडकी डिचोलीच्या कुंभाराकडून आणलेली, खास यासाठीच ठेवलेली, झाकणासकट. मडक्यात पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढून द्यायचं. लोकांच्या मनात शंका यायची ती इथेच, एकाच पेल्याने सगळ्यांचे हात पाण्यात, हीच. ओगराळं दिसलं की कुणी विचारत नाही. तोटीचं मडकं मिळालं तर त्याहून बरं.

पेले स्टीलचे. आमच्या भजनी मंडळाचे शंभरेक आहेत, चवथीला घरोघर फिरतात, फक्त आधी सांगून ठेवावं लागतं. तुमच्याकडे मंडळाचे नसतील तर देवळातून भाड्याने मिळतात का बघा. उष्टे पेले टाकायला एक टोपली आणि धुवायला दोन मुलं नेमायची. हे काम बायकांच्या अंगावर टाकायचं नाही. आमच्याकडे फुगडी घालायच्या वेळेला आम्ही मोकळ्या असतो, पेले पुतणे धुतात. सासूबाईंना सांगा, त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, फक्त मडक्याच्या आधी एक उकळी.

फोंडेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला आणि मुलाला समोर बसवून पूर्ण वाचून दाखवलं.

नानाकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे टीडीएसचं यंत्र मागवलं. स्वयंपाकघरातल्या नळाचा आकडा ४६ आला. आता आरओचा विषय बंद. गच्चीवरच्या टाकीचं मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. पहिल्यांदा दोघंच बोलले, मग मी वर्षाचा बावीस हजारांचा हिशोब लिहिला आणि प्रत्येकाने आपला लिहावा असं सांगितलं. सहा घरांनी आकडे टाकले, आणि तेव्हा कुठे टाकी धुवायला माणूस बोलवायचं ठरलं. झाकण बदलायचे पैसे सगळे मिळून देणार आहेत. धुण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळेला पाणी तपासून घेणार आहे. तपासणीचा निकाल चांगला येईपर्यंत जार चालू ठेवायचा की उकळायचं यावर घरात चर्चा झाली. उकळायचं ठरलं, पातेलं माळ्यावरून काढलं.

हिशोब असा मांडलाय. अल्ट्राफिल्ट्रेशनचा फिल्टर अडीच हजार. नवऱ्याला, मुलाला, मुलीला एकेक साधी स्टीलची बाटली, चारशे धरून बाराशे. एक थर्मासची नऊशे. सासूबाईंना तांब्याची आहेच, ती माळ्यावर पातेल्याशेजारीच सापडली. टाकीचा आमच्या वाट्याचा खर्च पाचशे धरला. सगळे मिळून पाच हजार शंभर, म्हणजे आत्ताच्या तीन महिन्यांच्या पाण्यापेक्षा कमी. त्यानंतर वर्षाला फिल्टरचा आतला भाग बदलायचा आणि कधीतरी उकळायचा गॅस, एवढंच. नळाचं पाणी तर हजार लिटरला मोजके रुपये पडतात. सरकारने २०२१ च्या सप्टेंबरपासून महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत फुकट पाण्याची योजना काढली होती तेव्हाही आम्ही जार घेत होतो, हे आठवून जीव हळहळला.

नवऱ्याची एकच अडचण आहे. कारखान्यात दुपारपर्यंत लिटर संपतं, आणि तिथल्या कूलरवर त्याचा भरवसा नाही.

वहिनी, ओगराळ्याची गोष्ट सासूबाईंना फारच आवडली. त्यांच्या माहेरी पितळी होतं म्हणे. यंदा मडकी आणायला मीच डिचोलीला जाणार.

नानाकाका_डिचोली

४६ छान. साहेबांना सांगा, कूलरच्या मागच्या बाजूला फिल्टर कधी बदलला त्याची तारीख चिकटवलेली असते, ती बघा. तारीख नसेल किंवा जुनी असेल तर व्यवस्थापनाकडे लेखी मागा, चार-पाच कामगारांच्या सह्या घेऊन. पिण्याचं चांगलं पाणी पुरवणं ही कायद्यानेच मालकाची जबाबदारी आहे, उपकार नव्हे. तोवर सकाळी दोन बाटल्या न्यायच्या.

डिचोलीला याल तेव्हा मडकं बोटाने वाजवून बघा, खणखणीत वाजलं पाहिजे. नवीन मडकं दोन-तीन दिवस पाण्याने भरून ठेवायचं, रोज ते पाणी ओतून द्यायचं. मातीचा वास गेला की मग वापरायला घ्या.

फोंडेकरीण

भांडीवाले दादा, एक राहिलं. झाकणातलं वॉशर सुटं मिळतं का, की ते गेलं की पूर्ण बाटली गेली?

भांडीवाला_म्हापसा

सुटं मिळतं, पण सगळ्या बाटल्यांचं नाही. म्हणून बाटली घेतानाच विचारा आणि त्याच दिवशी दोन वॉशर जास्तीचे घेऊन ठेवा, दहा-वीस रुपयांचा प्रश्न. तिघांच्या बाटल्या एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या घेतल्यात तर झाकणंही अदलाबदल करता येतील. ओळखायला बुडाला नेलपॉलिशचा वेगवेगळ्या रंगाचा ठिपका लावा. स्टिकर धुण्यात जातात.